पाकळीला लावलेलं पाणी

हे आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही. बायको निवर्तली, तिला ठाऊक नव्हतं. मुलगा आता देवळात माझ्या जागी उभा राहतो, त्यालाही नाही. एका बाईला तेवढं सांगितलं — पण ते म्हणजे जिची वस्तू तिच्या पदरात टाकणं होतं, आणि तेही फार उशिरा. त्याबद्दल पुढे येईलच. तुम्हाला सांगतोय ते निराळं. तुम्ही माझे कोणी नव्हे, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. पण सकाळपासून दौतीचं झाकण काढतोय आणि लावतोय.

कुठून धरू?

हातापासून धरतो. हा माझा उजवा हात. त्यात पाहण्यासारखं काही नाही; अंगठ्याचं पेर रुंद, बोटांना गंधाचा पिवळेपणा कायमचा बसलेला. पण एक काळ असा होता की हा हात लोक कपाळाला लावून घेत. माझ्या आजीच्या वयाच्या म्हाताऱ्या वाकून हा हात धरायच्या आणि डोळ्यांना टेकवायच्या. मी म्हणायचो, अहो, मी कोण, सगळं देवीचं. असं म्हणताना आवाज किती खाली आणायचा, हेसुद्धा मला चांगलं जमत होतं.

मी जातीनं आणि कामानं गुरव. रेवदंड्याहून होडीनं खाडी ओलांडली की डोंगराच्या कुशीत आमचं गाव. खाली वाळूला लागून कोळीवाडा, वर नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि दोहोंच्या मधे उंडीच्या झाडांत देवीचं देऊळ. पूजा आमच्या घराकडे, आजा-पणजापासून. देऊळ लहान, गाभारा त्याहून लहान. देवी काळ्या पाषाणाची. इतकं तेल-पाणी प्यालेली की नाक-डोळे उरले नाहीत, नुसता एक आकार. लहानपणी मला वाटे, ही पाण्यातून वर येता येता मधेच थांबली आहे. अजूनही डोळे मिटले की तशीच दिसते. आपण होडीत वाकून बसलोय, पाणी हिरवं, आणि खोल खाली ती. तिच्या दोन खांद्यांवर दोन पांढऱ्या पाकळ्या.

त्या पाकळ्यांचं सांगायला हवं. गावात कोणाला काही सुचेनासं झालं की तो देवीला कौल लावतो. नवी होडी कधी लोटावी, मुलगी कुठे द्यावी, चुकलेली म्हैस डोंगराकडे शोधावी की खाडीकडे. गुरवानं आंघोळ करून ओलेत्यानं गाभाऱ्यात जायचं, तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या, आणि मोठ्यानं गाऱ्हाणं घालायचं. मग सगळ्यांनी गप्प बसायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी आधी पडली तर नकार. कधी डोळ्याचं पातं लवतंय तोवर पडते, कधी दिवस कलतो. बाहेर समुद्र चालू असतो, आत समईची वात हलत नाही, आणि दाटीवाटीनं बसलेलं सगळं गाव एका पाकळीकडे पाहत असतं. त्या पाहण्यात एक गुंगी असते. मी लहान असताना त्या गुंगीत कितीदा झोपी गेलोय, आईच्या मांडीवर.

वडील म्हणत, "कौल लावताना हात रिकामा असावा. हातात आपण असलो की देवीला जागा उरत नाही." एवढंच त्यांनी शिकवलं. दुसरी एक गोष्ट त्यांनी शिकवली नाही, ती बघून बघून कळते: ज्या पाकळीला पाणी कमी, ती आधी सुकते आणि आधी सुटते. गुरवाच्या घरात हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. ठाऊक असून हात रिकामा ठेवायचा, हीच तर गुरवकी.

वडील गेले आणि गाव माझ्याकडे वळलं. एकोणीसशे वीस सालच्या पुढची गोष्ट. मी तिशीच्या आत होतो. पहिल्या वर्षी माझा हात खरंच रिकामा होता. पण एक गोष्ट माझ्या लक्षात येऊ लागली. होकार पडला की माणसं आधी पाकळीकडे बघत, मग माझ्याकडे. त्या दुसऱ्या बघण्याची मला चटक लागली. नकार पडला की माणसं जमिनीकडे बघत उठून जात. माझ्याकडे कोणी बघत नसे. आता मला सांगा, यात पाप ते कुठे सुरू झालं? नजरेत? माझ्या मानेच्या मागे जो एक ऊबदार काटा उभा राहायचा, त्यात?

बघा, अजून मी त्या गोष्टीला हात घातलेला नाही. नुसता भोवती फिरतोय.

कोळीवाड्यात जोमा नावाचा तरुण होता. रुंद छातीचा, थट्टेखोर. नारळी पुनवेला दर्यावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या दंडाला आम्ही देवीचा ताईत बांधतो. चांदीच्या पातळ पत्र्यावर देवीचा तो नाक-डोळे नसलेला चेहरा, काळा दोरा, आणि दोऱ्याला आमच्या घराची गाठ — ती गाठ दुसरीकडे कोणी मारत नाही. त्या वर्षी जोमाच्या दंडाला मीच ताईत बांधला. जोरात आवळला असावा. तो म्हणाला, "गुरवदादा, हात हाय रं माजा, होडीचा खुंटा नाय." रांगेतले सगळे हसले.

थंडी सरता सरता, आभाळात ढगाचा ठिपका नाही अशा एका दुपारी तो लहान होडी घेऊन एकटाच जाळं बघायला गेला. तिन्हीसांजेला वारा फिरला. जोमा आला नाही. होडी मिळाली नाही, वल्हं मिळालं नाही, प्रेत मिळालं नाही. त्या काळी असंही व्हायचं की बुडत्या माणसाला एखाद्या फतेमारी गलबतानं उचलावं, थेट मलबारात नेऊन उतरवावं, आणि महिन्यांनी तो चालत-विचारत घरी यावा. त्यामुळे रडावं की थांबावं, हे कोणाला कळेना. त्याची बायको चांगुणा. लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती. उंच, सावळी, आणि हसली तर अर्ध्या कोळीवाड्याला ऐकू जाई अशी. जोमा जिवंत आहे का, तिच्या हातातला चुडा ठेवायचा का, हे विचारायला सगळं गाव देवळात आलं.

मी आंघोळ केली. ओलेत्यानं आत गेलो. पाण्यात बोटं बुडवली.

डावी पाकळी मी नीट भिजवली, अंगठ्यानं दाबून बसवली. उजवी नुसती टेकवली.

दया होती का ती? पुष्कळ वर्षं मी तिला दयाच म्हणत आलो. पण खरं सांगू? त्या घटकेला मला चांगुणेचा चेहरा दिसतच नव्हता. मला माझ्या पाठीमागे बसलेलं गाव दिसत होतं, मान न वळवता. उजवी पडल्यावर जो हुंकार उठेल, तो पाकळी चिकटवायच्या आधीच माझ्या कानांत होता. मी तो हुंकार चिकटवला त्या पाषाणाला.

उजवी पडली. हुंकार उठला. बाया रडू लागल्या, हसू लागल्या.  चांगुणा पुढे आली, हा हात धरला आणि डोळ्यांना लावला. किती वेळ, कोण जाणे. पाणी पाकळीचं कोणतं आणि तिचं कोणतं, वेगळं निघालं नसतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी हे लिहायला बसलो नसतो. माणूस पाघळतो, खोटं बोलतो, देव पोटात घालतो — अशी समजूत घातली असती.

आंब्याच्या दिवसांत, टळटळीत दुपारी, देवळात मी एकटा होतो. उंडीच्या सावल्या पायरीवर झोपल्या होत्या. एक म्हातारा पायरीखाली येऊन उभा राहिला, वहाणा बाजूला काढून. हुसेनभाई नाव सांगितलं. दिघीचा तांडेल, नवाबाच्या मुलखातला. त्याचा मचवा रेवदंड्याला छपराची कौलं उतरवायला आला होता. त्यानं कनवटीची पुरचुंडी सोडली आणि ताईत पायरीवर ठेवला. विचारलं, ही तुमचीच देवी ना? त्यांच्या बाजूच्या वाळूवर एक माणूस लागला होता. ओळखण्यासारखा राहिला नव्हता. दंडावर एवढंच होतं. त्यांनी त्याला माती दिली, त्यांना येतं ते म्हटलं. मग बंदरा-बंदरात हा चेहरा दाखवत तो आमच्यापर्यंत आला होता. जाताना म्हणाला, "घरच्यांना सांगा, पाण्यात नाही राहिला तो. मातीत आहे." खाली कोळीवाड्यात तो स्वतः जाऊन सांगणार होता. मी म्हटलं, नको, मी सांगतो. त्याला गूळ दिला, पाणी दिलं. भरती चुकेल म्हणून तो निघाला.

गाठ माझीच होती. खाऱ्या पाण्यानं दगडासारखी झालेली, पण माझीच.

मी बसून राहिलो. त्या दुपारी सगळं इतकं संथ होतं की स्वप्नात असल्यासारखं वाटत होतं — माशी उडाली तरी तिच्या पंखांना वेळ लागत होता. मी मनात म्हणत होतो, आता लोक विचारतील, मग कौलाचं काय? देवीचा शब्द खोटा पडला, असं म्हणतील. देवीची अब्रू जाईल. देवीची, देवीची, असं मी घोळवत होतो. ती शिळा तिथे हजार पावसाळे उभी आहे. तिला कसली अब्रू? पण त्या वेळी मला हे दिसलं नाही. किंवा दिसलं, आणि मी डोळा फिरवला. उन्हं उतरल्यावर खाडीकडे गेलो आणि ताईत पाण्यात सोडून दिला. फेकलासुद्धा नाही. बोटं उघडली, इतकंच.

आणि त्यानंतरचं — ते सांगायला मला सगळ्यात जड जातंय.

पुढल्या पावसाळ्यानंतर कोळीवाड्याची जाणती माणसं पुन्हा आली. हाशा म्हणून जोमाचा सोबती होता, बिनलग्नाचा. त्याला चांगुणेशी पाट लावायचा होता. कोळ्यांत बाई पाटानं दुसरं लग्न करते, त्यात लाज नाही. पण देवीनं नवरा जिवंत म्हटलेली बाई. देवीनंच मोकळीक द्यायला हवी. हाशा पायरीवर माझ्या कानाशी लागून म्हणाला, "गुरवदादा, देवीला सांग, हाशा पितो, पन रोज नाय." जवळचे हसले, त्याच्या आईनं त्याला कोपरानं ढोसलं. मी एकदाच मान वळवून बायांकडे पाहिलं. चांगुणेनं नवं लुगडं नेसलं होतं, आणि ते कोणाच्या ध्यानात येऊ नये अशी ती अंग चोरून बसली होती.

मला ठाऊक होतं जोमा मातीत आहे. हात रिकामा ठेवून दोन्ही पाकळ्या सारख्या भिजवल्या असत्या, तरी निम्मा न्याय झाला असता. पण होकार पडला तर त्याचा अर्थ काय होणार होता? की पहिला होकार खोटा. कोणीतरी म्हातारी हे बोलणारच. म्हणून मी डाव्या पाकळीला पाणी कमी लावलं.

ती लवकर पडली. इतकी लवकर, की गाऱ्हाणं संपायला आणि ती पडायला एकच गाठ पडली. हाशा म्हणाला, "देवीला माजं तोंडच पसंत नाय म्हनायचं." कोणी हसलं नाही. चांगुणेनं पडलेल्या पाकळीकडे पाहिलं, मग पदर पुढे ओढून घेतला, नव्या लुगड्याचा, आणि उठून गेली. हाशा दिवाळीनंतर आगबोटीनं मुंबईला गेला, गोदीत लागला. तिकडेच संसार केला म्हणतात. पुन्हा गावात दिसला नाही.

मग वर्षं गेली. कशी गेली म्हणाल, तर खाडीचं पाणी जातं तशी. आलं कधी नि गेलं कधी, काठावरच्या चिखलाला तेवढं कळतं. चांगुणा दुसऱ्यांची जाळी विणे, खडपावर, काठच्या खडकांवर, कालवं फोडायला जाई, पाटी घेऊन बाजार करी. चुडा भरलेलाच. हळदीकुंकवाला काही घरी तिला बोलवत, काही घरी बोलावणं मुद्दाम विसरत. मागे बोलत, देवीनं राखून ठेवलेली बाय. तिचं ते मोठं हसणं कधी बंद पडलं, मला सांगता येणार नाही. एकदा जातवाल्यांनी म्हटलं, इतकी वर्षं झाली, दर्भाचा पुतळा करू, त्याला अग्नी देऊ, तू सुटशील. ती म्हणाली, "देवी बोलली हाय तो जिता हाय. मंग मी त्याला जालू कशी?" हे मी देवळात बसून ऐकलं. निरांजनात तूप घालत होतो. घालत राहिलो.

आणि मी? माझा कौल जागता म्हणून नाव झालं. चौलहून लोक येत, रोह्याहून येत, पेणेकडच्या मिठागरांवरनं बैलगाड्या येत. लोक म्हणत, गुरवदादांच्या ठायी मीपणा नाही, म्हणून देवी त्यांच्या हातून बोलते. मीही सांगू लागलो होतो — मीपणा सोडा, बाबांनो, मग बघा. संध्याकाळी पायरीवर बसून सांगायचो. समुद्राकडे बघत. खरंच सांगतो, बोलता बोलता माझे डोळे भरून यायचे.

मागल्या माघातली गोष्ट. खाडीच्या आतल्या अंगाला एका वाडीत पूजा सांगायला मी गेलो होतो. सकाळी परत निघालो तर दाट धुकं, ओहोटी लागलेली, तरीची होडी काठाला यायची नाही. ऊन चढायच्या आत देवीची पूजा व्हायला हवी होती. सोवळ्यातच होतो, ताम्हन डोक्यावर धरून खाडीच्या गाळातून आडवा निघालो. पायाखालची वाट लहानपणीची, असा भरवसा. मधे कुठेतरी वाट सरली. घोटे गेले, गुडघे गेले. एक पाय ओढावा तर दुसरा आणखी खाली. मांड्यांपर्यंत रुतलो, आणि ताम्हन डोक्यावर धरून तसाच ताठ उभा.

धुक्यात खडपावरनं टकटक ऐकू येत होती. बाया कालवं फोडत होत्या. मी हाक मारली असावी. टकटक थांबली. कोणीतरी ओरडलं, "गुरवदादा, पाताळात कौल लावतोस काय?" हसू आलं धुक्यातून. मग गाळावरून, पोटावर सरपटत, एक बाई पुढे आली. चांगुणा.

ती हातभर अंतरावर थांबली. म्हणाली, "ताट सोड. आडवा हो."

मी म्हटलं, मी सोवळ्यात आहे.

"उबा ऱ्हायलास त जाशील," ती म्हणाली. "गाल उब्या मानसाला गिलतो. आंग टाकून दे."

आमच्या खाडीवर हे लहान पोरालाही माहीत असतं — गाळात उभं राहायचं नाही, लोळण घ्यायची. मलाही माहीत होतं. तरी मी उभा होतो. पाणी फिरायची वेळ होत आली होती आणि मी, काय सांगू, त्या हसणाऱ्या बायांसमोर आडवा व्हायला लाजत होतो. चिखल कमरेला लागला तेव्हा हात आपोआप सैल झाले. ताम्हन गेलं. मी पुढे कोसळलो, तोंडावर.

आता हे कसं लिहू, कळत नाही. गाळ गार नव्हता, ऊबदार होता. एक कान त्यात बुडाला आणि आत सगळी खाडी ऐकू आली — बुडबुडे, कुर्ल्यांची कुरकुर, दूर कुठेतरी पाणी वळत असल्याचा आवाज. दुसऱ्या कानात काही नाही. वर करडं, खाली करडं. माझं अंग कुठे संपतं आणि गाळ कुठे सुरू होतो, कळेना. मी गुरव आहे हे आठवेना. नाव होतं काहीतरी, तेही दूर गेलं, खडपापलीकडे. भीती गेली. देवी आठवली नाही. किती शांत होतं म्हणून सांगू! इतकी वर्षं मी ज्याच्याबद्दल पायरीवर बसून बोलत होतो, ते हेच असावं. पण पुस्तकी माणसं म्हणतात, मीपणा गळाला की आत उजेड दिसतो. मला उजेड दिसला नाही. मला पाठमोरा बसलेला एक माणूस दिसला. ओलेता. बोटं पाण्यात बुडवलेली, आणि कान मागच्या लोकांकडे लागलेले. फार लहान दिसत होता तो. मला त्याची किळस आली नाही, कीवही आली नाही. नुसती ओळख पटली. अरे, हा मी. एवढाच मी.

चांगुणेनं माझं मनगट धरून ओढलं. उजवं. तिच्या बांगड्या माझ्या हाडावर घासत होत्या. मला अजून ते घासणं आठवतं. बाकी सगळं धुक्यात आहे. खडपावर नेऊन तिनं मला बसवलं, ओंजळीनं तोंडावर पाणी मारलं, आणि बायांना म्हणाली की बघा गं, देव गेला, आता मानूस निघाला आतून. बाया हसल्या. ती हसली नाही.

तिथेच सांगायला हवं होतं. तोंडात चिखल होता, अंगावर काही उरलं नव्हतं, त्याहून चांगली जागा कुठली? नाही सांगितलं. धाप लागल्याचं सोंग केलं.

देवळात मात्र मला उभं राहवेना. हात थरथरतो असं सांगून मी गुरवकी मुलाकडे दिली. ही थरथरही खोटी. आणि गाव काय म्हणालं? गुरवदादांनी सगळं सोडलं; एवढा मान, पण एका दिवसात सोडला. लोक आता घरी येऊन पाया पडू लागले. आणि मला ते — हे लिहिताना लाज वाटते — आवडलं. काही महिने मी त्या सोडण्यावरही बसून खाल्लं, कोंबडी अंड्यावर बसावी तसं ते उबवलं. गाळात दिसलेला तो लहान माणूस पुन्हा कपडे करून बसला होता.

मग श्रावणात एक दिवस मुलगा जेवताना म्हणाला, चांगुणाबाई पुनवेनंतर कौल लावायला येणार आहे. काय विचारणार, मी म्हटलं. तो म्हणाला, एवढंच, की तिच्या डोळ्यांदेखत तो येईल का.

 मी उठलो, हात धुतला आणि खाली कोळीवाड्यात गेलो. पावसानं उघडीप दिली होती. ती दारात जाळं पसरून त्याची भोकं सांधत होती. मी बसलो नाही. उभ्यानं सांगितलं. पाकळीच्या पाण्याचं सांगितलं, हुसेनभाईचं सांगितलं, मग दुसऱ्या कौलाचं. इतक्या वर्षांत कितीदा मनाशी जुळवलेली वाक्यं, एकही आलं नाही. ती सुई चालवत राहिली. मधेच सुई थांबली.

"हाशाचं बी तूच?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, मीच.

 तिनं विचारलं, ताईत कुठे आहे. म्हटलं, खाडीत टाकला. तिनं मान हलवली, जसं काही ते तिला अपेक्षितच होतं. आणि मग तिनं वर बघितलं.

"पुरला कुठं त्याला?"

  हुसेनभाई माझ्यासमोर बसून पाणी प्यायला होता. झाड कुठलं, खडक कुठला, गावापासून किती चालायचं, सगळं त्यानं सांगितलं असतं. मी विचारलंच नव्हतं. त्या दुपारी माझ्या डोक्यात जोमाला जागाच नव्हती. तिथे मी होतो.

"येवडं बी नाय विचारलंस," ती म्हणाली. रागानं नाही, जाळ्यातला एखादा दोरा कुजलेला निघावा तसं.

मी दिघीला गेलो. हुसेनभाई केव्हाच वारला होता. त्याचे मुलगे भले, त्यांनी मला चहा पाजला. म्हणाले, बाबानं उभ्या हयातीत असे पुष्कळ पुरले, दर्या कोणाकोणाला आणतो, कोण कुठे ते फक्त त्याला ठाऊक. मी वाळूवरून दक्षिणेला चालत गेलो. केवड्याची बनं, वाळू, खडक, पुन्हा वाळू. तिला येऊन सांगितलं की मिळालं नाही. तिनं दारात उभं राहून ऐकलं. तिच्या मनगटांवर काही नव्हतं.

गावानं तिला विचारलं, कोणी सांगितलं तुला? ती म्हणाली, कललं. माझं नाव घेतलं नाही. का घेतलं नाही, हे मला कळत नाही, आणि विचारायचा मला हक्क नाही. गावानं आपली वाट काढली — तेव्हा जिवंत असेल, आता गेला असेल. देवीचा कौल कसा खोटा होईल. लोक अजून माझ्या पाया पडतात. मी पाय मागे घेतो, तर त्यालाही चांगलं म्हणतात. म्हणून इथे लिहितोय: देवीनं काही म्हटलं नव्हतं. ते मी केलं.

या सर्वपित्रीला तिनं वाळूवर पान मांडलं. पहिल्यांदाच. भात, वडे, तळलेला मासा, पाण्याचा तांब्या. दिघी दक्षिणेला, एवढंच तिला ठाऊक. पान ठेवून ती उभी राहिली, हात जोडले, आणि खाली सोडले. जरा डोंगराकडे वळली, मग समुद्राकडे, मग पुन्हा वळली. तोंड कुठे करावं, हे तिला ठरवता येईना. कावळे जवळ येऊन थांबले होते.

मी उंडीखाली उभा होतो. तो कुठे, ते मला सांगता येत नव्हतं.